वाघजाई मंडळाचा काटा

हौसेराव शेलारांनी आयुष्यात दोनच कामं केली. तुर्भ्याच्या धान्यबाजारात पोती वाहिली आणि कोपरखैरण्याच्या मैदानावर कबड्डीचे खेळाडू घडवले. पहिलं काम पाठीनं सोडायला लावलं. दुसरं त्यांनी सोडलं नव्हतं. आजही संध्याकाळी मैदानावर सगळ्यांत आधी तेच असायचे. उशिरा येणाऱ्याला ते काही बोलत नसत, फक्त त्या दिवशी खेळवत नसत.

बाजार मुंबईतून इकडं हलला तेव्हा त्याच्यामागोमाग जावळी-पाटणचे हमालही हलले. कोपरखैरण्यात बैठी घरं मिळाली. डास मिळाले, चिखल मिळाला. कामावरून आल्यावर करायचं काय, हा प्रश्न होता. दारू हे एक उत्तर होतं. दुसरं उत्तर हौसेराव आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधलं. नाल्याच्या कडेला एक मोकळा प्लॉट होता. त्याची माती खाडीची, खारट. पावसात चिकट, उन्हात काचेसारखी. तिच्यावर पडलं की गुडघ्याचं सालटं निघायचं. मग गावाकडून येणाऱ्या ट्रकांत मालाच्या कडेला दोन-दोन पोती लाल माती येऊ लागली. दिवसभर दुसऱ्यांची पोती उतरवायची आणि संध्याकाळी स्वतःची. मैदान व्हायला वर्ष गेलं. गावच्या देवीचं नाव दिलं : वाघजाई क्रीडा मंडळ.

पहिला संघ सगळा हमालांचा होता. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढणाऱ्या माणसाला चढाईपटूचं ओझं वाटत नसे. हौसेराव डावा कोपरा सांभाळायचे. समोरच्याचा घोटा एकदा हातात आला की सुटत नसे. चढाईला बाबासो कदम. अंगानं काटकुळा, पण मध्यरेषा ओलांडली की पाच जणांच्या मधून वाऱ्यासारखा फिरून परत. राज्य स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्यांची गाठ एका बँकेच्या संघाशी पडली. बँकेचे खेळाडू आठवडाभर खास रजेवर होते. वाघजाईचे दुपारपर्यंत गूळ उतरवत होते. एका गुणानं हरले. नंतर कुणीतरी म्हणालं, "आपण दमलेलो होतो म्हणून." हौसेरावांनी त्याला तिथंच सांगितलं, "दमलो असं म्हणायचं असंल तर उद्यापासनं येऊ नको. दम कमी होता असं म्हण."

पुढं बाबासो फळीवरून पोत्यासकट घसरला आणि कमरेतून गेला. आता काठी घेऊन चालतो. त्याचा मुलगा यशराज हा आजच्या वाघजाईचा चढाईपटू. बापापेक्षा उंच, बापापेक्षा दीडपट भरलेला आणि पायांत तोच वारा.

पाच वर्षांपूर्वी राज्याची लीग सुरू झाली. माती जाऊन मॅट आली. मोबाईलवर सामने दिसू लागले. बाकीच्या संघांमागं कंपन्या होत्या, कारखाने होते, मोठी माणसं होती. वाघजाईमागं एक कडधान्याचा व्यापारी होता. तो टी-शर्ट आणि बूट द्यायचा, कारण त्याच्या दुकानाचं नाव मोबाईलवर दिसायचं. लीगमध्ये तळाला राहिलेला संघ बाहेर जातो. बाहेर गेलं की नाव दिसणं बंद, टी-शर्ट बंद, आणि चांगली पोरं दुसऱ्या संघांत. हौसेरावांनी असे संघ पाहिले होते. मंडळ कुणी बंद करत नाही. एक-एक जण यायचा थांबतो आणि एक दिवस मैदानावर गाड्या लागतात. म्हणून यंदाचा शेवटचा सामना जिंकायचाच होता. जिंकलं तर लीगमध्ये, हरलं तर बाहेर.

सामन्याच्या दोन दिवस आधीचा सराव. यशराज चढाईला गेला. बोनस रेषेपर्यंत पोचला, पण परत फिरताना कर्णधार जोतीरामनं त्याला कमरेत धरलं आणि सहज खाली बसवलं. जोतीरामलाही आश्चर्य वाटलं.

"काय रं," हौसेराव कडेवरून म्हणाले, "पाय उसने आणल्यात का आज?"

यशराज उठला. ओठ कोरडे, गाल आत गेलेले. "आबा, दोन दिवस नुसती काकडी खाल्लीय. पाणीपण जपून पितोय."

"कशापायी?"

"वजन. लिमिट पंच्याऐंशी आहे ना. जिमच्या काट्यावर अजून चारशे ग्रॅम वर दाखवतोय."

"जिमचा काटा!" हौसेराव बाकीच्यांकडं वळले. "तिथं आरशात बघून वजन करत असतील. आरशात मीपण पैलवान दिसतो."

पोरं हसली. जोतीराम म्हणाला, "आबा, तुमच्यासाठी आरसा मोठा लागेल."

"तुझी जीभ मोठी हाय, त्येवढी चढाई मोठी कर." मग यशराजला, "चल काट्यावर."

मंडळाचा काटा खोलीच्या कोपऱ्यात होता. गाळ्यातला जुना लोखंडी काटा, माणूस उभा राहील एवढ्या फळीचा. व्यापाऱ्यानं इलेक्ट्रॉनिक काटा घेतला तेव्हा हा हौसेरावांनी मागून आणला. या काट्याची एक गंमत होती. धान्य तोलताना पोत्याचं वजन धरायचं नसतं, म्हणून दांडीच्या टोकाला पोत्याचा तोल साधणारा किलोभराचा पासंग कायमचा बांधलेला. फळीवर रिकामं पोतं टाकलं की दांडी सरळ व्हायची. त्यामुळं खेळाडूचं वजन करतानाही आधी रिकामं पोतं अंथरायचं आणि त्यावर उभं राहायचं, ही पहिल्यापासूनची रीत. नवीन पोरांना वाटायचं, हे काहीतरी देवीचं आहे. ती पोत्याला हात लावून कपाळाला लावायची. हौसेराव त्यांना कधी अडवत नसत. पोत्याच्या पाया पडणं त्यांना चुकीचं वाटत नव्हतं.

यशराज पोत्यावर उभा राहिला. हौसेरावांनी वजनं सरकवली. दांडी साडेचौऱ्याऐंशीवर सरळ झाली.

"बघ. डोळं हायत ना?"

"पण आबा, जिममध्ये—"

"ह्या काट्यावर निम्म्या मुंबईचं धान्य तोललंय. तुझं अंग तोलायला त्याला जड न्हाई." मग त्यांचा आवाज खाली आला, आणि तो खालचा आवाज पोरांना जास्त लागायचा. "उपाशी माणसाला पोतं उचलत न्हाई. तू तर जितीजागती माणसं वढायला निघालास. उपास करणं सोपं असतं, यशराज. पळायला नको, धरायला नको. बसून राहायचं आणि म्हणायचं, मी कष्ट करतोय. मला हे चालायचं न्हाई."

यशराजनं मान खाली घातली. तो दोन दिवस तहान मारत होता आणि त्याला आळशी म्हटलं गेलं होतं. 

हौसेराव त्याला घरी घेऊन गेले. बाळाबाईंनी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि चुलीकडं नाही, थेट नवऱ्याकडं वळल्या. "काय केलंय हे? पोराचं तोंड चिमणीएवढं झालंय."

"मी न्हाई केलं. त्याचं त्यानंच केलंय. वाढ त्याला."

भाकरी झाली, कोंबडीचा रस्सा झाला, वर भात. यशराज "काकी, बस" म्हणत राहिला आणि खात राहिला. दुसऱ्या दिवशीही हौसेरावांनी समोर बसवून खायला लावलं. संध्याकाळच्या सरावात पोरगा वाऱ्यासारखा फिरला. हौसेराव कुणाला शाबासकी देत नसत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "आता दिसतोस बाबासोचा."

सामना वाशीतल्या एका बंदिस्त हॉलमध्ये होता. मे महिना. बाहेर डांबर मऊ झालेलं. आत शिरल्यावर पहिलं टेबल वजनाचं. खेळाडू एकेक करून काट्यावर चढत होते. अधिकारी आकडा वाचायचा, दुसरा लिहायचा. यशराज चढला.

"शहाऐंशी शंभर," अधिकारी म्हणाला. "नाही चालणार. पुढचा."

हौसेराव पुढं झाले. "पुन्हा बघा, साहेब. दोन दिवसांपूर्वी साडेचौऱ्याऐंशी होता."

"उतर. पुन्हा चढ." पुन्हा तेच. "सामना सुरू व्हायच्या आत उतरवलंत तर घेईन. तास आहे तुमच्याकडे."

यशराजनं हौसेरावांकडं पाहिलं. एकदाच. मग पिशवीतून कुणाचातरी रेनकोट ओढला, चढवला, चेन गळ्यापर्यंत लावली आणि पार्किंगकडं निघाला. हौसेराव मागून म्हणाले, "पळ." 

पार्किंगमध्ये सावली नव्हती. यशराज गाड्यांच्या कडेनं फेऱ्या मारू लागला. रेनकोटच्या बाह्यांतून घाम गळत होता. जोतीराम हौसेरावांच्या शेजारी उभा राहिला. त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं.

"आबा, रागावू नका. परवा पासंग काढला होता का?"

"पासंग कशाला काढायचा? खाली पोतं असतं की. पोत्याचा पोत्यात गेला."

"हां." जोतीराम म्हणाला. "पण आबा, ते पोतं… जुनं गोणपाटाचं उंदरांनी खाल्लं. दिवाळीनंतर मी दुसरं आणलं ना. प्लास्टिकचं."



गोणपाट किलोभराचं. प्लास्टिकचं पोतं मुठीत मावतं, त्याला वजन असं नसतंच. पासंग मात्र गोणपाटाचाच राहिला होता. म्हणजे दिवाळीपासून प्रत्येक पोराचं वजन जवळजवळ किलोभर कमी दिसत होतं. बाकीचे सगळे मर्यादेच्या खूप खाली, यशराजही आत्ताच काठावर आलेला, म्हणून कुणाला कळलं नाही. प्लास्टिकचं पोतं हौसेरावांनी रोज पाहिलं होतं, स्वतःच्या हातानं अंथरलं होतं. बाजारात आता गोणपाट दिसतच नव्हतं. त्यांच्या लेखी पोतं म्हणजे पोतं.

"तू मला सांगितलं का न्हाईस?" ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं की जोतीरामनं पोतं सगळ्यांसमोर आणून टाकलं होतं, आणि आपणच म्हणालो होतो, बरं झालं, स्वच्छ हाय.

जोतीराम यशराजच्या फेऱ्यांकडं बघू लागला. तो शहाणा होता.

म्हणजे जिमचा काटा बरोबर होता. पोरगा बरोबर होता. चारशे ग्रॅम राहिले होते, ते त्यानं उपाशी राहून उतरवले असते. त्याच्या पोटात आपण भाकरी घातली, आणि वर त्याला कामचुकार म्हणालो. हौसेरावांनी आयुष्यात कष्टाला कधी कमी मोजलं नव्हतं. त्यांना तसं वाटत होतं.

यशराज फेरी पूर्ण करून समोरून गेला. पाय ओढत होता. पुढच्या फेरीला वळणावर वाकला आणि ओकला. तोंड पुसलं, पुन्हा निघाला. जोतीराम धावला आणि त्याला आत काट्यावर घेऊन गेला. दोघं परत आले.

"तीनशे," जोतीराम म्हणाला. "तीनशे ग्रॅम राहिले, आबा. होईल."

"होईल," यशराज म्हणाला. घाम यायचा थांबला होता. कपाळ कोरडं, लालबुंद. नजर कुठंच ठरत नव्हती. अशी माणसं हौसेरावांनी बाजारात पाहिली होती. मे महिन्यात पोतं घेऊन फळीवर चढायची, वर पोचायची, पोतं नीट रचायची आणि मग खाली कोसळायची. घाम थांबला की हमाल एकमेकांना सावलीत ओढायचे. तिथं कुणी विचारत नसे, किती पोती राहिली म्हणून.

"बस झालं," हौसेराव म्हणाले. "काढ ते."

"काय?"

"रेनकोट काढ."

"तीनशे राहिलेत, आबा! वेळ आहे अजून."

हौसेरावांनी चेनला हात घातला. यशराजनं तो झटकला. म्हातारा दोन पावलं मागं गेला.

"सोडा! आयुष्यभर सांगितलंत ना, थांबायचं नाही? मग आज मीच का थांबू? माझं वजन, माझं अंग. तुम्ही कोण ठरवणार?"

"मी ठरवणार," हौसेराव म्हणाले, आणि हॉलमध्ये गेले. टेबलापाशी उभे राहून त्यांनी सांगितलं, "आमचा यशराज कदम खेळणार न्हाई. नाव काढा. बदली शिवतेज."

"तुम्हाला वेळ आहे अजून," अधिकारी म्हणाला.

"नाव काढा."

ते बाहेर आले तेव्हा जोतीराम आणि आणखी दोघांनी यशराजला सावलीत आडवा केला होता. त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होते, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत होते. बाबासोही येऊन पोचला होता. काठीवर रेलून मुलाकडं बघत उभा.

"काय झालं, हौश्या?"

"माझा काटा चुकला." हौसेरावांनी सगळं सांगितलं. पासंग, पोतं, भाकरी, सगळं. बाबासोनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती राहिलं होतं?"

"तीनशे."

बाबासो काठी टेकत पोराच्या उशाशी गेला. पण 'तीनशे' हा आकडा त्याच्या तोंडावर पडलेला हौसेरावांना दिसला.

सामना वाईट झाला नाही. शिवतेज जीव तोडून खेळला. जोतीरामनं दोन वेळा समोरच्या मुख्य चढाईपटूला अशी पकड घातली की हॉल उठून उभा राहिला. मध्यंतराला वाघजाई एक गुणानं पुढं होती. शेवटच्या मिनिटांत समोरच्यांनी सगळा संघ बाद करून लोण चढवला आणि वाघजाई चार गुणांनी हरली. यशराज बाकावर टॉवेल अंगावर घेऊन बसला होता. एका हातात पाण्याची बाटली. सामना संपला तेव्हा तो उठला नाही.

बाहेर पडताना गर्दीत एक जण म्हणाला, "जिभेनं मारलं रे. दोन दिवस भूक आवरली नाही, अन् क्लब बुडवला."

हौसेराव थांबले. "माझ्या काट्यानं बुडवला. पोरगा उपाशीच होता, मी चारलं. नाव घ्यायचं तर माझं घे."

"म्हातारा असलास म्हणून—"

"हायच म्हातारा."

तो माणूस निघून गेला. हौसेरावांना त्यात काही मोठं केलं असं वाटलं नाही. खरं होतं ते सांगायचं होतं.

लीगमधून नाव गेलं. व्यापाऱ्यानं फोन केला. गोड बोलला, पुढच्या वर्षी बघू म्हणाला. हौसेरावांना त्याचा अर्थ कळला. आठवड्यानं जोतीराम सोडून सगळ्या चांगल्या पोरांकडं कुणी ना कुणी येऊन गेलं. यशराजला शिरवण्याच्या संघानं बोलावलं. दुसऱ्या संघात जायला आधीच्या संघाच्या प्रशिक्षकाची संमती लागते. त्यासाठी तो एका संध्याकाळी हौसेरावांच्या दारात आला. चपला काढल्या नाहीत. कागद पुढं केला.

बाळाबाई म्हणाल्या, "बस तरी. चहा टाकते."

"नको काकी. वजन वाढतं."

बाळाबाईंचा हात जागच्या जागी थांबला. हौसेरावांनी चष्मा लावला, सही केली, कागद परत दिला. "चांगला संघ हाय. पण त्यांचा उजवा कोपरा ढिला हाय. सरावात तिकडून जाऊ नको, तुला सोपं पडंल आणि सवय बिघडंल."

यशराजनं कागदाची घडी केली. तो निघाला नाही.

"एक विचारू?"

"विचार."

"तीनशे ग्रॅम. मी उतरवले असते की नाही?"

हौसेराव खोटं बोलू शकले असते. "उतरवले असतेस."

"मग?"

"मग मॅटवर काय घेऊन गेला असतास?"

"ते मी बघितलं असतं."

"तू न्हाई बघितलं असतंस. तुला दिसतच नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत मला काय दिसत होतं?" यशराजचा आवाज चढला, मग बसला. "आबा, तुम्ही मला चुकीचं तोललंत ते मी सोडलं. कुणीही चुकतो. पण थांबवलंत ते नाही सोडणार. लहानपणापासून तुमच्याकडून एकच शिकलो. तेच तुम्ही माझ्या हातातून काढून घेतलंत."

तो गेला. बाळाबाई आतून बाहेर आल्या. "बरोबर केलंत तुमी," त्या म्हणाल्या. "पोरगं जिवंत हाय."

हौसेरावांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की कसली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पोरगं जिवंत आहे, हे खरं. ते मेलं असतंच असं नाही, हेही खरं. बाजारात सावलीत ओढलेले काही जण नंतर उठून म्हणायचे, मला काही झालं नव्हतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. पण त्यांतल्या एखाद्याला खरंच काही झालं नसेल, हा विचार हौसेरावांच्या डोक्यात आजवर आला नव्हता. आता तो जात नव्हता.

त्यांनी पायताण घातलं आणि मैदानावर गेले. मंडळाची खोली उघडली. काट्याच्या दांडीचा पासंग सोडायला बसले. कितीतरी वर्षांची तार गंजून लोखंडात बसली होती. पक्कड लावावी लागली. पासंग निघाला, दांडी सरळ झाली. पोतं त्यांनी बाहेर टाकलं.

सरावाला पाच जण आले होते. जोतीरामनं विचारलं, "पाचात काय करायचं, आबा?"

"पाचात जे होतं ते."

दोन कोपरे भरले, दोघं त्यांच्या आत उभे राहिले. पाचवा चढाईला. मधे जागा मोकळीच राहिली, आणि पाळीपाळीनं चढाईला गेलेला प्रत्येक जण तिथूनच आत घुसत होता. हौसेराव प्रत्येक वेळी ओरडत होते, "तिथनं नको, तिथनं कुणीपण जाईल!" आणि पुढचा पुन्हा तिथूनच जात होता.